मुंबई–सिंगापूर थेट विमान : छापील साडेपाच तासांचे परीक्षण

मुंबई ते सिंगापूर हे अंतर विचारले, की इंटरनेटवरील कोणतेही अंतरमापक संकेतस्थळ क्षणार्धात सुमारे ३,९०० किलोमीटर असा आकडा पुढे करते आणि त्याच्या खाली पाच तासांच्या आसपासची उड्डाणवेळ लिहून मोकळे होते. आकडा बरोबर आहे. वेळेबद्दल मात्र पुष्कळ सांगण्यासारखे आहे. कामानिमित्त आणि घरच्या मंडळींसोबत, रात्रीच्या आणि दिवसाच्या, थेट आणि थांबा घेणाऱ्या अशा सर्व तऱ्हेच्या विमानांनी या मार्गावर ये-जा केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, तिकीट काढताना उड्डाणाला किती तास लागतात हा प्रश्न मागे ठेवावा आणि आपण तिथे किती वाजता व कोणत्या अवस्थेत पोहोचणार हा प्रश्न आधी विचारावा. हे परीक्षण त्यामुळे कोणा एका कंपनीचे नसून या मार्गावरील थेट विमानसेवेचे आहे.

आधी अंतराविषयी. ३,९०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरून दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला असता येणारे अंतर आहे, आणि हा दोरा कुठून जातो हे पाहणे मोठे मौजेचे आहे. मुंबईच्या सहार विमानतळाहून निघालेली ही रेषा पिंपरी-चिंचवडवरून आणि पुढे जवळजवळ बरोबर सोलापूर शहरावरून जाते, आंध्रचा किनारा ओंगोलजवळ सोडते, बंगालचा उपसागर तिरपा कापून निकोबारमधील नानकौरी बेटांपाशी पोहोचते, सुमात्राचे उत्तर टोक उजव्या हाताला ठेवून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरते आणि मलेशियात क्लांगवरून, क्वालालंपूरच्या विमानतळाला अगदी खेटून, सिंगापूरच्या चांगी विमानतळाला येऊन टेकते. प्रत्यक्ष विमान या रेषेला चिकटून उडत नाही. मुंबईत ते बहुतेक वेळा पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने झेपावते आणि मग वळून जमिनीवर येते. पुढचा मार्ग हवाई वाहतूक नियंत्रण आणि ढग ठरवतात. तरीही समोरच्या पडद्यावरील नकाशात विमानाचे चिन्ह भीमेच्या खोऱ्यावरून सरकताना दिसते, तेव्हा या मार्गाचा पहिला टप्पा आपल्याच मुलखावरून जातो याची खात्री पटते.

पुण्याच्या प्रवाशाला या रेषेचा राग यावा अशीच ती आहे. तो सामान घेऊन द्रुतगती महामार्गाने दीडशे किलोमीटर पश्चिमेला येतो, सिंगापूरपासून तेवढाच लांब जातो, आणि मग विमान त्याला घेऊन पुन्हा त्याच्याच गावाच्या आसपासून पूर्वेला निघते. विस्तारा कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात पुणे–सिंगापूर थेट विमान सुरू केले, तेव्हा त्याचे पुण्यात झालेले स्वागत समजण्यासारखे होते. पुढे २०२४ मध्ये ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. पुण्याहून थेट सेवा चालू आहे की नाही हे त्या त्या हंगामाचे वेळापत्रक पाहूनच ठरवावे लागते. ती मिळत असेल, तर भाडे थोडे जास्त असले तरी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण महामार्गावरचा घाट आणि मुंबईतील वाहतूक यांत जाणारे चार तास कोणत्याही तिकिटावर छापलेले नसतात.

अंतराचा आकडा थांब्याच्या विमानांबाबत तर सरळसरळ दिशाभूल करतो. क्वालालंपूर या रेषेवरच असल्यामुळे तिथे उतरून सिंगापूरला गेल्यास एकूण अंतर जवळजवळ वाढतच नाही. शेवटचा टप्पा जेमतेम तीनशे किलोमीटरचा असतो. कोलंबोमार्गे गेल्यास साधारण साडेतीनशे आणि बँकॉकमार्गे गेल्यास पाचशेच्या आसपास किलोमीटर जास्त पडतात, म्हणजे विमानाच्या हिशेबात अर्धा-पाऊण तास. वाढतात ते तास मधल्या विमानतळावरचे. स्वस्त पडले म्हणून घेतलेल्या अशाच एका तिकिटावर मध्यरात्रीनंतरचे चार-पाच तास धातूच्या खुर्च्यांवर, वातानुकूलनाच्या गारठ्यात, शाल डोक्यावरून ओढून काढावे लागले, आणि वाचलेले पैसे पहाटेच्या दोन कॉफ्यांत व दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीत गेले. त्यातही दोन टप्प्यांची तिकिटे स्वतंत्र असतील, तर मध्ये सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि त्यासाठी त्या देशात प्रवेशाची परवानगी लागू शकते. ज्यांना मधल्या शहरात दोन दिवस राहायचेच आहे त्यांनी खुशाल थांबा घ्यावा. इतरांनी या मार्गावर थेट विमानच घ्यावे.

आता साडेपाच तासांविषयी. संकेतस्थळे बहुधा अंतराला ताशी आठ-नऊशे किलोमीटरच्या वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात. विमान कंपनी वेळापत्रकात जो साडेपाच तासांच्या आसपासचा काळ छापते तो निराळा असतो. विमान गेटवरून मागे ढकलले जाते तिथपासून ते दुसऱ्या विमानतळाच्या गेटला लागेपर्यंतचा हा काळ आहे, आणि या धंद्यातील लोक त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. प्रत्यक्ष हवेतला वेळ पाच तासांच्या आसपास असतो. उरलेला वेळ टॅक्सीवेवर आणि रांगेत जातो. मुंबईत ही रांग विशेष जाणवते, कारण तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकाच धावपट्टीचा भरवसा धरावा लागतो. रात्री अकरा ते एक ही परदेशी विमानांची गर्दीची वेळ असते. अशा वेळी विमान गेटवरून अगदी वेळेवर हलते आणि मग धावपट्टीच्या तोंडाशी आपला क्रमांक लागेपर्यंत शांतपणे उभे राहते. कंपन्यांना हे ठाऊक असल्यामुळे छापील वेळेत थोडी सैल जागा ठेवलेली असते. म्हणूनच अर्धा तास उशिरा उडालेले विमान पुष्कळदा सिंगापूरला वेळेवर उतरते आणि वैमानिकाने वेळ भरून काढली म्हणून आपण कौतुक करतो.

विमानाच्या जातीनेही थोडा फरक पडतो. या मार्गावर सिंगापूर एअरलाइन्स, एअर इंडिया आणि इंडिगो या कंपन्यांची थेट विमाने आहेत. एका मधल्या वाटेची, एअरबस ए३२० कुळातील विमाने ताशी सुमारे ८३० किलोमीटरने, तर दोन वाटांची मोठी विमाने ९०० च्या आसपास वेगाने जातात. एवढ्या अंतरात त्याने वीसेक मिनिटांचा फरक पडतो. सिंगापूर एअरलाइन्सने या मार्गावर ए३८० हे दुमजली विमानही वापरले आहे. वीस मिनिटांसाठी कोणी जास्त पैसे द्यावेत असे मी म्हणणार नाही, परंतु साडेपाच तास बसायचे असताना उठून चार पावले टाकायला दुसरी वाट असणे, हे गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मोलाचे आहे. भाड्याची तुलना करताना सामान आणि जेवण दोन्ही धरूनच करावी. चौघांच्या कुटुंबाच्या बॅगा आणि जेवणे जोडली, की कमी भाड्याच्या तिकिटाची स्वस्ताई बरीच आटते.

वाऱ्याचा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. पूर्वेला जाताना विमान लवकर पोहोचते आणि पश्चिमेला येताना उशीर लागतो, हे आपण ऐकत आलो आहोत, आणि दिल्ली–टोकियोसारख्या मार्गावर हिवाळ्यात ते इतके खरे असते की जाण्या-येण्याच्या वेळेत दोन-अडीच तासांची तफावत पडते. उत्तर भारतावरून पूर्वेकडे वाहणारा जोरदार पश्चिमी झोत हे त्याचे कारण. मुंबई–सिंगापूर मार्ग मात्र या झोताच्या दक्षिणेने विषुववृत्ताकडे उतरत जातो, त्यामुळे हिवाळ्यात त्याला पहिल्या टप्प्यात थोडाच धक्का मिळतो. पावसाळ्यात तर चित्र उलटते. जून ते सप्टेंबर या काळात दक्षिण भारतावर, चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत तयार होतो, पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये त्याचे विवेचन प्रसिद्ध केले होते. दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाला या झोताचा खालचा भाग लागतो. त्यामुळे जुलैत सिंगापूरला जाताना वारा समोरून आणि परत येताना पाठीमागून असतो. पाठीवरच्या वाऱ्याने मिळवलेली ही मिनिटे पुढे मुंबईच्या आकाशात पावसामुळे घिरट्या घालण्यात खर्ची पडतात, ही गोष्ट वेगळी.

वाटेतल्या बंगालच्या उपसागरावर ढगांचे मोठमोठे मनोरे उभे राहतात आणि विमानाला हादरे बसतात. लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला २१ मे २०२४ रोजी म्यानमारवर इतके जबर हादरे बसले की एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. तेव्हापासून दिवे पेटलेले नसले तरी पट्टा बांधून बसणे मला अतिरेकी वाटत नाही. चहा-कॉफी मध्येच थांबवली म्हणून हवाई सेविकेवर चिडणारे सहप्रवासी या मार्गावर हमखास भेटतात; त्यांना हे सांगावेसे वाटते. एक जमेची बाजू अशी की, हा मार्ग हवाई हद्दी बंद असलेल्या कोणत्याही प्रदेशाच्या वाटेला जात नाही, त्यामुळे पश्चिमेकडील प्रवासात अलीकडे सोसावे लागणारे लांबचे वळसे येथे नाहीत.

आणि आता घड्याळ. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. त्यामुळे जाताना घड्याळाचे आठ तास जातात आणि येताना तीनच तास जातात. प्रवासी म्हणून आपण जे अनुभवतो ते हे आठ आणि तीन आहेत, साडेपाच नव्हेत. खरे पाहता दोन शहरांच्या रेखांशांत सुमारे ३१ अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने दोन तास आणि थोडी मिनिटे. वरची पंचवीस मिनिटे माणसांनी ठरवलेली आहेत. १ जानेवारी १९८२ पासून सिंगापूरने मलेशियाबरोबर आपले घड्याळ अर्धा तास पुढे नेले. त्याआधी आपल्याशी त्याचा फरक दोनच तासांचा होता. स्वतःचा वेगळा ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपणाऱ्या मुंबईने याला नावे ठेवण्याचे कारण नाही. या बदलाचा परिणाम असा की सिंगापुरात बारा महिने सातच्या सुमारास उजाडते आणि सातच्या सुमारास मावळते. सकाळी सातला उतरलेल्या प्रवाशाला उजेडही नुकताच फुटताना दिसतो, आणि त्याचे शरीर तेव्हा मुंबईच्या पहाटे साडेचारच्या वेळेत असते.

म्हणूनच रात्रीच्या विमानाची जी स्तुती केली जाते, ती मला मान्य नाही. ‘रात्री झोपायचे, सकाळी ताजेतवाने उतरायचे, एक दिवस वाचवायचा’ असा हा हिशेब आहे. अमेरिकेच्या चौदा तासांच्या प्रवासात तो जमतो. साडेपाच तासांत तो जमत नाही. रात्री साडेअकराला विमान हलते, साडेबाराच्या सुमारास पुढ्यात पनीर आणि पुलाव येतो, ताटे उचलून दिवे मालवेपर्यंत दीड वाजतो, आणि मुंबईच्या वेळेने सव्वाचारला खिडक्या उघडण्याची सूचना होते. मध्ये उरतात जेमतेम पावणेतीन तास, तेही शेजारच्या बाळाने परवानगी दिली तर. त्यानंतर हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. पुण्याहून दुपारी चारला निघालेला माणूस रात्री आठला विमानतळावर येतो, साडेअकराच्या विमानाने सकाळी साडेसातला उतरतो आणि दुपारी तीनला पलंगावर आडवा होतो, असे धरले तर घरापासून उशीपर्यंतचा हा प्रवास साडेवीस तासांचा झाला. वाचलेला दिवस कुठे गेला हे ज्याने त्याने पाहावे. ज्यांना सकाळी दहाच्या बैठकीला जायचेच आहे त्यांचा इलाज नाही, आणि सिंगापुरात ज्यांचे नातेवाईक आहेत, पोहोचताच गादी मिळणार आहे, त्यांनाही रात्रीचे विमान चालेल.

बाकीच्यांनी, विशेषतः लहान मुले किंवा आई-वडील सोबत असतील त्यांनी, जाताना दिवसाचे विमान शोधावे. दुपारी बाराच्या सुमारास निघून रात्री आठला पोहोचावे, जेवावे आणि तिथल्या वेळेने झोपावे. दुसऱ्या दिवशी सकाळी शरीराला अडीच तासांचा फरक जाणवतही नाही. दिवसाच्या विमानात निकोबारची बेटे ढगांच्या फटीतून दिसण्याची शक्यताही असते. पहाटे उतरण्याचेच तिकीट हाती पडले, तर खिडकी डावीकडची घ्यावी. जाताना विमानाचे नाक आग्नेयेकडे असल्याने सूर्योदय वर्षभर डाव्या बाजूलाच होतो. येताना नाक वायव्येकडे असते, त्यामुळे मावळतीही डावीकडेच असते. आसनक्रमांकातील ‘ए’ हे अक्षर या मार्गावर दोन्ही वेळा लाभाचे आहे.

चांगी विमानतळाबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपते घेतो. आगमनाचे ऑनलाइन कार्ड पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत भरता येते आणि ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी जी संकेतस्थळे दिसतात त्यांच्या वाटेला जाऊ नये. व्हिसा मात्र आधीच हातात हवा. परदेशी पाहुण्यांनाही स्वयंचलित मार्गिका खुल्या असल्याने पारपत्र तपासणीला फारसा वेळ लागत नाही, आणि शहरात जाण्यासाठी मेट्रो विमानतळातच मिळते. विमानतळाला लागून २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्वेल’ या संकुलातला चाळीस मीटर उंचीचा धबधबा पाहण्यासारखा आहे खरा, परंतु सकाळी साडेसातला उतरलेल्या प्रवाशाला तो वाहताना दिसेल या भ्रमात राहू नये, तो उशिरा सुरू होतो. परतीच्या वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलांत हातातील सामानाची सुरक्षा तपासणी गेटपाशी होते. आत येऊन भरलेली पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते, आणि त्याच रांगेत दर वेळी कोणीतरी मुंबईकर घटाघटा लिटरभर पाणी पिताना दिसतो.

परतीचे संध्याकाळचे विमान हे या मार्गावरचे सर्वांत सुखाचे. सातच्या आगेमागे निघाले की सूर्य आणि विमान एकाच दिशेने धावतात, आणि एरवी वीस-पंचवीस मिनिटांत संपणारा तिथला संधिप्रकाश विमानातून बराच लांबतो. जेवण जेवणाच्या वेळेला येते, चित्रपट पुरता पाहून होतो आणि घड्याळात दहा वाजायच्या सुमारास आपण मुंबईत असतो. गैरसोय एकच, आणि ती पावसाळ्यात मोठी होते. दृश्यमानता घसरली, की मुंबईत उतरणाऱ्या विमानांना आकाशात थांबवून ठेवतात, आणि इंधन कमी होऊ लागले तर अहमदाबाद किंवा हैदराबादकडे वळवतात. जुलै-ऑगस्टमध्ये म्हणून पुढच्या रेल्वेचे आरक्षण त्या रात्रीचे करू नये, आणि पुण्याची गाडी ठरवताना चालकाला उतरण्याची वेळ न सांगता विमानाचा क्रमांक द्यावा.